परराज्यात प्रचाराला निघालेली आपली मुले

निवडणुकीचा हंगाम जवळ आला की मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, भिवंडी या वस्त्यांतून एक ठरलेले बोलावणे फिरू लागते. "गावाकडे दहा-पंधरा पोरे पाहिजेत. गाडीभाडे आमचे, राहणे-जेवण आमचे, वर दिवसाचे काही हातावर ठेवू. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो द्या." बोलावणारा माणूस परका नसतो. कुणाचा मामू असतो, कुणाचा गाववाला, कुणाच्या कारखान्यातला मुकादम. म्हणून घरात नाही म्हणणे जड जाते. मग अम्मी आम्हाला विचारतात, "पाठवावे का हो पोराला? शिकलेला आहे, फॉर्मबिर्म भरता येतात, म्हणून त्यालाच मागतात."

हा प्रश्न आम्हाला गेल्या काही निवडणुकांत इतक्या घरांतून आला आहे की एकदा नीट लिहून टाकावे असे वाटले. कोणत्या पक्षाकडून बोलावणे आले आहे, याच्याशी या लेखाचा संबंध नाही. सगळेच पक्ष बोलावतात आणि आपली मुले सगळ्याच पक्षांकडे जातात.

पहिली गोष्ट, जाण्यात गुन्हा काही नाही. भारताचा नागरिक देशात कुठेही जाऊन प्रचार करू शकतो, त्यासाठी तिथल्या मतदार यादीत नाव असावे लागत नाही. उमेदवारी करायची झाली तरी लोकसभेसाठी देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असणे पुरते. विधानसभेसाठी मात्र त्या राज्याचा मतदार असावे लागते. तेव्हा कल्याणचा मुलगा जौनपूरला झेंडा घेऊन फिरला म्हणून त्याला कुणी अडवणार नाही. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती बोलावणारा सांगत नाही.

आधी दिवसांचा हिशोब पाहू. २०२४ च्या लोकसभेला ठाणे, कल्याण आणि भिवंडी या तिन्ही मतदारसंघांत २० मे रोजी मतदान झाले. उत्तर प्रदेशात ते १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्प्यांत झाले. आझमगड आणि जौनपूरचा दिवस होता २५ मे. म्हणजे इथले मत टाकून संध्याकाळी कल्याण स्टेशनवर गाडी पकडली, चोवीस-पंचवीस तासांचा प्रवास केला, की २२ तारखेच्या सकाळी माणूस कामाला लागणार. आणि मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास प्रचार बंद होतो, म्हणजे २३ मेच्या संध्याकाळी सहाला सगळे थांबले. कामाचे दिवस किती मिळाले? धड दोन नाहीत. ज्यांना जास्त दिवस हवे होते त्यांना इथले मतदान सोडूनच निघावे लागले असणार. गाझीपूर, बलिया, वाराणसीकडे १ जूनला मतदान होते, तिथे आठवडाभर मिळाला असता, हे खरे. पण बोलावणारा माणूस तारखांचा असा हिशोब कधी मांडत नाही. तो फक्त "निघा" म्हणतो.

प्रचार थांबला की दुसरा नियम लागू होतो, आणि हा नियम आपल्या मुलांपैकी बहुतेकांना ठाऊकच नसतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ मध्ये ४८ तासांची शांतता सांगितली आहे. तिच्या आधारे निवडणूक आयोगाची स्पष्ट सूचना आहे की, त्या मतदारसंघाचे मतदार नसलेल्या, बाहेरून आलेल्या पक्ष-कार्यकर्त्यांनी प्रचार संपताच मतदारसंघ सोडावा. पोलीस लॉज, अतिथिगृहे, लग्नाची सभागृहे तपासतात, बाहेरच्या गाड्या अडवतात. आता विचार करा, आपला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा तिथल्या एखाद्या शादीखान्यात तीस जणांबरोबर झोपला आहे, जवळ महाराष्ट्राचे आधार कार्ड, परतीचे तिकीट चार दिवसांनंतरचे. ज्याने आणले तो फोन उचलत नाही, कारण त्या दोन दिवसांत त्याच्यामागे शंभर कामे असतात. असा मुलगा पोलिसाला काय सांगणार? मतदानाच्या दिवशी तर त्याचा उपयोगही नसतो. केंद्रात बसणारा पोलिंग एजंट त्या मतदारसंघाचा मतदार असावा लागतो, आणि केंद्रापासून १०० मीटरच्या आत कुणालाच प्रचार करता येत नाही.

मग तिकडे जाऊन मुले करतात तरी काय? जाऊन आलेल्यांना आम्ही विचारले आहे. खुर्च्या मांडणे, गाडीच्या टपावर बसून घोषणा, पत्रके वाटणे, मोबाइलवर रील काढणे. घरोघरी जाऊन मतदाराशी बोलण्याचे काम फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि ते येते अशांच्याच, ज्यांची आजी त्या गावात अजून राहते. हे स्वाभाविक आहे. मोहल्ल्यात कोण कुणावर रुसले आहे, कुणाच्या जमिनीचा दावा कुणाशी चालू आहे, कुणाच्या घरी मय्यत झाली म्हणून आज जायचे नाही, हे बाहेरच्याला कळत नाही. दारात उभा राहिलेला अनोळखी तरुण छान बोलतो, पण त्याच्याकडे पाहून घरातली बाई पहिला प्रश्न विचारते तो हाच, "तुम किसके यहाँ के हो?"

पाहुण्या प्रचारकांची मर्यादा २०१४ ला वाराणसीत साऱ्या देशाने पाहिली. अरविंद केजरीवाल तिथे नरेंद्र मोदींच्या विरोधात उभे होते आणि त्यांच्यासाठी देशभरातून स्वयंसेवक येऊन राहिले होते. आपल्या ठाणे-कल्याणचे मतदान त्या वर्षी २४ एप्रिललाच आटोपले होते आणि वाराणसीचे होते १२ मेला, म्हणजे जायला मोकळीक होती. मोदींना ५,८१,०२२ मते मिळाली, केजरीवालांना २,०९,२३८. दोन लाख मते काही थोडी नव्हेत, आणि ती सगळी पाहुण्यांमुळे मिळाली वा गेली असे कुणी म्हणणार नाही. पण माणसांची गर्दी आणि मतांची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या आकड्यांवरून दिसते.

अमेरिकेत या प्रकाराची फार रीत आहे. तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक राज्याराज्यातून लढवली जाते, त्यामुळे ज्या राज्याचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो तिथले स्वयंसेवक गाड्या भरून चुरशीच्या राज्यात जातात. २००४ च्या जानेवारीत हॉवर्ड डीन नावाच्या उमेदवारासाठी असे सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक आयोवा राज्यात आले. डोक्याला नारिंगी टोप्या, कडाक्याच्या थंडीत दारोदार. १९ जानेवारीला निकाल लागला तेव्हा डीन तिसरे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने आपल्या वाचकांना ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहायला सांगितले. बुश यांना मत देऊ नका, असा बहुतेक पत्रांचा सूर होता. तिथले लोक भडकले, "तुम्ही कोण आम्हाला सांगणारे?" अशी उत्तरे गेली. चार वर्षांपूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेली ती काउंटी या वेळी बुश यांच्याकडे गेली. कारणे आणखीही असतील. पण पाहुण्याने यजमानाच्या घरात येऊन सुनेला स्वयंपाक शिकवू नये, हे आपल्या आजीला ठाऊक असलेले शहाणपण त्या पत्रलेखकांना सुचले नाही.

(वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, आपल्या राष्ट्रपतींसाठी असे स्वयंसेवक का जात नाहीत? कारण आपल्याकडे राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. हे आकडे अजून १९७१ च्या जनगणनेवर बांधलेले आहेत. १९६७ ला डॉ. झाकिर हुसेन आणि २००२ ला डॉ. अब्दुल कलाम असेच निवडून आले. त्यासाठी कुणाच्या दारावर थाप मारावी लागली नाही.)

आपल्या इतिहासातले याहून जवळचे, आणि जास्त कडू उदाहरण आहे. १९४५-४६ च्या हिवाळ्यात प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा अलीगढ विद्यापीठाचे विद्यार्थी अभ्यास बाजूला ठेवून पंजाब, सिंध आणि सरहद्द प्रांतात मुस्लिम लीगच्या प्रचाराला गेले. समोरच्या बाजूने जमियत उलमा-ए-हिंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी आणि त्यांचे साथीदारही गावोगाव फिरत होते. त्या वेळी मत सर्वांना नव्हते; मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटींवर होते. तरीही विद्यार्थी उन्मादाने गेले. दीड वर्षात जे झाले ते आपण जाणतो. ज्या गावांत ते मते मागत फिरले ती परक्या देशात गेली आणि ज्या घरांतून ते निघाले होते ती भारतात राहिली. कित्येक खानदाने दोन्हीकडे तुटली. त्या विद्यार्थ्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही, ती अठरा-वीस वर्षांची मुले होती. पण प्रचारक आपल्या घरी परततो आणि मताचे फळ तिथल्या माणसाला भोगावे लागते, कधी उलटून प्रचारकालाही, हे त्या हिवाळ्यात दिसले तेवढे क्वचितच दिसले असेल.

दीनच्या अंगानेही दोन शब्द. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताचे तीन अर्थ सांगितले आहेत: मत ही गवाही आहे, शिफारस आहे आणि वकालत आहे. प्रचार करणारा तर उघडच शिफारस करतो. सूरह निसामध्ये चांगल्या आणि वाईट शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो असे सांगितले आहे. आता कल्याणहून गेलेल्या मुलाने ज्या उमेदवाराचे नावही गाडीत बसल्यावर ऐकले, त्याची शिफारस तो कशाच्या जोरावर करणार? त्याने गेल्या पाच वर्षांत शाळा बांधली की नाही, दंग्याच्या वेळी तो कुठे होता, त्याच्यावर कोणते खटले आहेत? उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. निघण्याआधी ते तरी वाचावे. न वाचता जायचे तर ती गवाही ऐकीव झाली.

आणि मुसाफिराचा मसला आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहेच. मुसाफिर इमाम झाला तर तो दोन रकातींवर सलाम फेरतो आणि मुकीम मुक्तदी उठून आपल्या चार पुऱ्या करतात. दुसऱ्याच्या मशिदीत तर परवानगीशिवाय पाहुण्याने मुसल्यावर पुढे होऊच नये, असा अदब आहे. बाहेरगावच्या प्रचारकाची गत अशीच आहे. त्याच्या दोन रकाती २३ तारखेच्या संध्याकाळी संपतात. उरलेल्या दोन, म्हणजे मतदाराला यादीतले नाव शोधून देणे, म्हाताऱ्यांना केंद्रावर पोहोचवण्याची सोय पाहणे, मोजणीपर्यंत जागणे, या तिथल्यांनाच पुऱ्या कराव्या लागतात. (सोय पाहणे म्हटले, पण उमेदवाराने मतदारांना फुकट नेण्यासाठी वाहन भाड्याने घेणे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, हेही ध्यानात असू द्या.)

सर्वांत नाजूक गोष्ट धर्माच्या नावाची. तिकडे गेलेल्या मुलाच्या हातात माइक आला की "कौमची इज्जत" हे शब्द ओठांवर यायला वेळ लागत नाही. समोरचेही आपल्या धर्माचे नाव घेत असतात, मग आम्ही का नाही, हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे. कायदा दोघांनाही मनाई करतो. कलम १२३ (३) प्रमाणे धर्म, जात, भाषा यांच्या नावावर उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन असा, निकाल दिला की यात उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचा धर्मही येतो. तो खटला आपल्या शेजारच्याच, मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला होता. उमेदवाराची निवड जाते ती वेगळी. भाषण वैर पसरवणारे ठरले तर गुन्हा मुलावर नोंदतो, आणि तारखा जौनपूरच्या कोर्टात पडतात. कल्याणहून प्रत्येक तारखेला जाणे, रजा, वकील, शिवाय पासपोर्ट आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो गुन्हा दिसत राहणे. बोलावणारा माणूस तोवर पुढच्या निवडणुकीच्या कामाला लागलेला असतो. पत्रकांचेही तेच. ज्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नाही ते छापणे गुन्हा आहे. असे पत्रक हाती दिले गेले तर मुलाने ते खाली ठेवावे.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त सलते ते वेळापत्रक. उत्तर प्रदेशची विधानसभा निवडणूक नेमकी परीक्षेच्या दिवसांत येते. २०१७ ला ती ११ फेब्रुवारी ते ८ मार्च अशी चालली. २०२२ ला १० फेब्रुवारी ते ७ मार्च. त्या वर्षी आपल्या बोर्डाची बारावी ४ मार्चला सुरू झाली आणि दहावी १५ मार्चला. आता २०२७ च्या सुरुवातीला तिथे पुन्हा निवडणूक यायची आहे आणि आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारीतच असते. बारावीचा मुलगा बहुधा सतरा वर्षांचा, म्हणजे स्वतःला मत नाही, पण "फॉर्म भरता येतो" म्हणून त्याला उचलायचे. प्रात्यक्षिक परीक्षा चुकली की ती आठवडाभराने पुन्हा होईल असे कुणी धरून चालू नये. अशा मुलाच्या बाबतीत अम्मींच्या प्रश्नाला आमचे उत्तर सरळ आहे: पाठवू नका. मामू नाराज झाला तर होऊ द्या, त्याला ईदला शीरखुर्मा देऊन मनवता येते. वर्ष गेले की ते परत येत नाही.

मोठा मुलगा असेल, त्याची गावाशी ओळख असेल आणि त्याला मनापासून जायचे असेल, तर थोडी चौकशी करूनच सोडावे. उमेदवार कोण, राहायचे कुठे, परतीचे तिकीट प्रचार संपण्याच्या दिवसाचे आहे का, तिथल्या जबाबदार माणसाचा नंबर कोणता. पैसे कोण देणार आणि कशाचे, हेही विचारावे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाख आणि मोठ्या राज्यांत विधानसभेला ४० लाख. कार्यकर्त्यांच्या चहा-नाश्त्यापासून गाड्यांपर्यंत प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतो आणि तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो. म्हणून पुष्कळदा मुलांना रोख दिली जाते आणि कागदावर त्यांचे नावच नसते. अपघात झाला, मारामारीत डोके फुटले, तर तो मुलगा कुणाचाच नसतो. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून द्यावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत दबक्या आवाजात बोलली जाते. नाव इथल्याही यादीत आणि गावच्याही. गावी गेलोच आहोत तर तिथलेही मत टाकून येऊ. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्याला मान्य नाही, आणि नोंदणी करताना खोटे निवेदन दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बिहारमध्ये २०२५ ला यादीची विशेष फेरतपासणी झाली तेव्हा कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. मृत, स्थलांतरित, दोनदा नोंदलेले अशी कारणे दिली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातही तसे काम सुरू झाले. जो कुठे राहतो ते त्याने ठरवून घ्यावे आणि एकच नाव ठेवावे. गावातले घर, बापाची कबर, आंब्याची झाडे यांच्या ओढीने नाव तिथे राहते आणि नळाचे पाणी, गटार, शाळा, लोकल हे सारे इथे असते. त्या ओढीला आम्ही नावे ठेवत नाही. पण नगरसेवक ज्याला मोजतो तो इथल्या यादीतला माणूस.

आणि इथल्या यादीची हालत काय आहे? कल्याण लोकसभा मतदारसंघात, ज्यात डोंबिवली येते आणि आपला मुंब्रा-कळवाही येतो, २०१९ ला सुमारे ४५ टक्के मतदान झाले आणि २०२४ ला सुमारे ५० टक्के. म्हणजे दर दोन माणसांपैकी एक घरी बसला. जौनपूरला पाठवायला आपल्याकडे दहा तरुण निघतात आणि कौशाच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या लकवा झालेल्या चाचांचे नाव यादीत कुठे गेले ते पाहायला एकही नसतो. त्याच इमारतीत लग्न होऊन आलेल्या तीन सुना असतात, ज्यांचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे. त्यांच्यासाठी फॉर्म ८ आहे. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी फॉर्म ६ आहे, आणि आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा आगाऊ अर्जही देऊ शकतो. मोबाइलवर भरता येतो, रात्री इशाच्या नमाजनंतर एका जिन्याचे काम एका आठवड्यात उरकते. आमच्या ओळखीच्या दोन मुलींनी मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या इमारतीचे सहा मजले असेच पुरे केले. त्यांना कुणी गाडीभाडे दिले नाही. सहाव्या मजल्यावरच्या खाला मात्र दर वेळी दोन ग्लास रूह अफ्जा तयार ठेवत आणि नावाच्या स्पेलिंगवरून वाद घालत: "शेख"मध्ये इंग्रजी 'ए' आहे की 'ई', ते शेवटपर्यंत ठरले नाही, तेव्हा आधारवर जे आहे तेच लिहिले.